सात टाक्यांतून गेलेला टिलवा

लग्नाकार्यात कुणी "आपण कुठं होता नोकरीला?" असं विचारलं, की मी "चाकणला, कंपनीत" एवढंच सांगून जिलबीकडे वळते. पण काही माणसं चिकट असतात. "कुठल्या खात्यात?" हा त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला. मग मी सरळ सांगून टाकते, की सांडपाण्यावर. समोरच्या बाईंचा घास हातातच राहतो. एका काकूंनी तर माझं पुढचं सगळं बोलणं नाकाला पदर लावून ऐकलं होतं, जणू तो वास चाकणहून माझ्याबरोबर बसमध्ये बसून संत तुकाराम नगरपर्यंत येतो. तो येत नाही. आणि खरं म्हणजे नीट चालवलेल्या प्लँटला वास येतच नाही. वास आला, की समजायचं कुणीतरी कामचुकारपणा केलाय.

आमची कंपनी गाड्यांसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवायची. पत्रा कापायचा, दाबायचा, धुवायचा, रंगवायचा. या धुण्या-रंगवण्यात खराब झालेलं पाणी, त्यात कँटीनचं आणि संडास-बाथरूमचं, असं सगळं वाहत वाहत शेवटी माझ्याकडे यायचं. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. लॅब असिस्टंट म्हणून लागले आणि त्या प्लँटची इनचार्ज म्हणून निवृत्त झाले. काम सांगायला सोपं आहे. आधी पाण्यात चुना आणि तुरटी घालून घाण खाली बसवायची. मग ते पाणी जिवाणूंच्या टाकीत सोडायचं. उरलेली घाण हे जिवाणू खाऊन टाकतात. त्यांना हवा लागते, म्हणून टाकीत सतत बुडबुडे सोडायचे, आणि खाणं मात्र वेळच्या वेळी लागतं. दिवाळीत कंपनी बंद, म्हणजे सांडपाणी बंद, म्हणजे यांची उपासमार. म्हणून ऐन दिवाळीत मी चाकणला जाऊन टाकीत गूळ कालवून यायचे. आमचे हे भोसरीत लेथवर होते. ते म्हणायचे, "घरी चिवडा परतायला माणूस नाही आणि ही बाई किड्यांना गूळ भरवायला निघाली." मी म्हणायचे, "किडे नाहीत, माझे कामगार आहेत. तुमच्यापेक्षा कमी बोलतात."

प्लँटच्या शेवटी एक काचेची पेटी होती. तिच्यात आम्ही स्वच्छ केलेलं पाणी भरून मासे सोडलेले असत. मासे जगले की पाणी चांगलं, इतकी साधी परीक्षा. तपासणीला येणारा माणूस कागद बघण्याआधी मासे बघतो. एकदा आलेले एक वयस्कर साहेब पेटीसमोर बराच वेळ वाकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाई, हे मासे गेल्या वर्षीचेच का?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "बरं वाटलं. बाकी ठिकाणी मासे दर वर्षी लहान होत जातात." त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं खूश होते.

या सगळ्याच्या पलीकडे तळं होतं. तयार झालेलं पाणी तिथं साठायचं आणि बागेला, फ्लशला वापरलं जायचं. तळ्याची तीन बाजूंची कड बांधलेली होती. चौथी बाजू तशीच राहिली होती, उतरती, चिखलाची. मी नोकरीला लागले त्या वर्षी पाऊस संपता संपता त्या चिखलात मला चिमण्या दिसल्या. पाण्याच्या अगदी कडेनं तुरुतुरु पळायच्या, थांबायच्या आणि शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच भराभर चिखलात खालीवर करायच्या. चिमण्या असं का करतायत, म्हणून मी बघत राहिले.

"चिमन्या न्हाईत त्या," मागून हौसाबाई म्हणाल्या. हौसाबाई बागकामाला होत्या. कंपनी उभी आहे ती जमीन त्यांच्या सासरची. जमीन गेली तेव्हा घरटी एकाला कामावर घेतलं, त्यात या लागल्या. "कंपनीच्या आदी हितं आमची भाताची खाचरं व्हती. तवाबी ही पाखरं यायची. खाचरं गेली म्हनून त्यास्नी कुनी सांगितलंच न्हाई."

त्या पाखरांचं नाव कळायला मात्र मला फार वर्षं लागली. माझी मुलगी कॉलेजात गेली, तिनं दुर्बीण आणि पक्ष्यांचं पुस्तक घेतलं, आणि एका रविवारी माझ्याबरोबर कंपनीत येऊन तिनं निकाल दिला: छोटा टिलवा. चिमणीएवढा, काळी सरळ चोच, काळे पाय, वरून राखाडी आणि खालून पांढरा. वजन एका लिंबाहून कमी. आणि हा गडी येतो कुठून, तर सैबेरियाच्या पार उत्तरेकडून, जिथं झाड उगवत नाही आणि उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. तिथं उघड्या जमिनीवरच्या खळग्यात याचं घरटं. पुष्कळदा मादी एका घरट्यातली अंडी नराच्या ताब्यात देते आणि दुसऱ्या घरट्यातली स्वतः उबवते. हे वाचून मी पुस्तक आमच्या यांच्यापुढे धरलं होतं. यांनी चष्मा लावून वाचलं आणि पुस्तक मिटून परत दिलं.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीनं अस्वस्थ केलं. थंडीची चाहूल लागली, की मोठे टिलवे आधी निघून जातात. त्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं मागाहून निघतात. रस्ता दाखवायला बरोबर कुणी नसतं, आणि तरी ती डोंगर, वाळवंटं ओलांडून बरोबर येतात, काही आफ्रिकेला, काही आपल्याकडे. माझी मुलगी पहिल्यांदा एकटी बसनं कॉलेजला गेली, तेव्हा मी स्टॉपवरच्या पानवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. त्या वर्षीपासून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चिखलात नवा टिलवा दिसला, की मला त्याच्यापुढे काहीतरी खायला ठेवावंसं वाटायचं. पण त्याचं खाणं चिखलातच असायचं, लाल बारीक अळ्या. तेव्हा मी एवढंच करायचे, की चिखलाचा नमुना बागेच्या मातीच्या नमुन्यांबरोबर तपासायला पाठवायचे. इतक्या लांबून आलेल्याच्या ताटात आपला रंग आणि जस्त जायला नको, असं मनात यायचं. नदीकाठचे चिखल एकेक करून कमी झाले, म्हणून तर हे बिचारे कंपनीच्या कुंपणाआड येत होते. याचं मला कौतुकही वाटायचं आणि वाईटही.

एप्रिलमध्ये टिलवे बदलतात. दिवसभर खातात, गोल होतात, पाठीवर तांबूस रंग चढतो. मग एका संध्याकाळी सगळा थवा उठतो, वर एक फेरी मारतो आणि उत्तरेला निघून जातो. दुसऱ्या दिवशी तळं फार ओकंबोकं दिसतं.

आता सलीमभाई. हे मूळचे उदगीरचे, राहायला भोसरीत, आणि आमच्या पेंट शॉपमधल्या सात टाक्यांचे सर्वेसर्वा. पत्र्याचा भाग प्रेसमधून येतो तो तेलानं माखलेला. त्यावर रंग बसत नाही. म्हणून त्याला हुकावर टांगून ओळीनं सात टाक्यांत बुडवतात. पहिलीत तेल काढणारं गरम रसायन, मग पाणी, मग आम्ल, मग पुन्हा पाणी, असं करत करत शेवटची टाकी डीएम पाण्याची, म्हणजे ज्यातले सगळे क्षार काढून टाकलेत अशा पाण्याची. यांनी एखादी टाकी रिकामी केली, की ते सगळं माझ्याकडे येणार आणि माझे जिवाणू आडवे होणार. त्यावरून आमची सुरुवातीची वर्षं भांडणात गेली. पुढे ते आधी फोन करायला लागले. "मॅडम, उद्या तीन नंबर सोडतोय. लेकरांना सांगून ठेवा."

सलीमभाईंची नजर हा पेंट शॉपमधला कायदा होता. भाग धुऊन वर आला, की ते त्यावरचं पाणी बघायचे. पाणी सपाट, सलग पसरलेलं असेल, तर पत्रा स्वच्छ. पाणी फुटून त्याचे थेंब मण्यांसारखे सुटे उभे राहिले, तर तेल अजून शिल्लक, भाग परत पहिल्या टाकीत. मणी दिसले की रिजेक्ट. हे वाक्य ते नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायचे, आणि त्यांनी ओके केलेल्या भागाचा रंग सुटल्याची तक्रार कधी आली नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो असायला हरकत नव्हती.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. एप्रिलचेच दिवस. टिलवे फुगले होते, रंगले होते, आज जातात की उद्या अशी स्थिती. कंत्राटदाराच्या माणसांच्या हातून तेलाचा एक बॅरल आडवा झाला. गंज लागू नये म्हणून पत्र्याला लावतात ते तेल. ते पावसाळी गटारात गेलं आणि गटार तळ्याला मिळत होतं. आम्ही लाकडाच्या भुश्शाची पोती घेऊन धावलो. तेल पसरायच्या आत बरंचसं अडवलं, थवाही उठून पलीकडे गेला. पण कडेला काहीतरी काळं हलत होतं. हौसाबाई चिखलात शिरल्या आणि ते पदरात घेऊन आल्या. टिलवा होता. पंख अंगाला चिकटलेले, डोळे उघडे. आवाज काढत नव्हता.

मुलीकडून मला पक्ष्यांच्या एका डॉक्टरबाईंचा नंबर मिळाला होता, तो लागेना. भुश्शाचं पोतं टाकून सलीमभाई जवळ आले, वाकून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "तेलच आहे ना? मग माझ्याकडं द्या. दुसरं काय केलं मी जिंदगीत."

"सलीमभाई, तुमच्या पहिल्या टाकीतलं पाणी लावलंत, तर पिसांबरोबर कातडीही निघेल."

"तेवढं कळतं मला, मॅडम. साबण कँटीनमधला, भांड्यांचा. पद्धत फक्त आपली."

कँटीनमधून स्टीलची पातेली आली. सलीमभाईंनी ती टेबलावर ओळीनं मांडली. मी मोजली नाहीत, पण किती असणार हे सांगायला नको. कोमट पाणी, पहिल्यात साबण. त्यांनी बाह्या सारल्या, टिलव्याची मान दोन बोटांत अलगद धरली आणि एकेक पंख उलगडून बोटाच्या टोकानं धुवायला घेतला. इतक्या मोठ्या हातांचं इतकं हलकं काम मी पाहिलं नव्हतं. पेंट शॉपमधली पोरंही भोवती जमली. शेवटच्या पातेल्यातून टिलवा वर आला. सलीमभाईंनी त्याला उजेडाकडे तिरपा धरला. पाठीवर पाण्याचे मणी उभे होते.

"तेल आहे अजून," ते म्हणाले आणि त्यांनी परत पहिल्या पातेल्यात साबण घातला. पुन्हा ओळ पुरी केली. पुन्हा मणी. परत पहिलं पातेलं. असं होता होता एकदाचं पाणी त्या पिसांवर सपाट पसरलं, एकही थेंब उभा राहिना. "आता ओके," सलीमभाई म्हणाले. सगळ्यांच्या जिवात जीव आला. लॅबमध्ये खोक्यात कागद अंथरून, वर बल्ब लावून आम्ही त्याला ठेवलं आणि घरी गेलो.

सकाळी तो सुकलेला दिसला. हौसाबाईंनी परातीत चिखल, पाणी आणि लाल अळ्या आणून त्यात त्याला सोडलं. तो दोन पावलं चालला आणि बघता बघता पाणी त्याच्या अंगात शिरलं. फडकं भिजावं तसा तो भिजला, कातडीपर्यंत. परातीच्या कडेला टेकून थरथरायला लागला. बाहेर चाकणचं एप्रिलचं ऊन आणि हा थंडीनं कुडकुडत होता.

तेवढ्यात डॉक्टरबाईंचा फोन लागला. आवाजावरून पोरसवदा वाटल्या, पण प्रश्न नेमके होते. मी फोन स्पीकरवर ठेवला. कशानं धुतलं, पाणी कसं होतं, हे विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "धुतल्यावर पिसांवर पाणी कसं दिसत होतं?"

"एकदम सपाट," सलीमभाई पुढे होऊन म्हणाले. "एकपण मणी ठेवला नाही."

 डॉक्टरबाई फार सांभाळून बोलल्या. "काका, पत्रा आणि पीस उलटं असतं. चांगल्या पिसावर पाणी टिकत नाही, मणी होऊन घरंगळून जातं. पाणी सपाट पसरलं म्हणजे पिसांत साबण राहिलाय. आता साबण अजिबात नको. नुसत्या कोमट पाण्यानं धुवा, मणी दिसेपर्यंत. जितकं मऊ पाणी मिळेल तितकं चांगलं."

सलीमभाईंनी परातीकडे पाहिलं. "म्हणजे पीस पहिल्यांदाच ओके होता," ते म्हणाले, "आणि मी त्याला परत परत रिजेक्ट केला."

  एरवी एकमेकांची खेचायची संधी न सोडणारी पेंट शॉपची पोरंसुद्धा जमिनीकडे बघत होती.

"मऊ पाणी म्हणजे डीएमचंच," असं पुटपुटत सलीमभाई स्वतः गेले आणि टाकीतलं नाही, तर थेट यंत्रातून निघणारं ताजं पाणी घेऊन आले. ते कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं. आणि मग टिलवा हातात घ्यायची वेळ आली तेव्हा मागे सरले. "हौसाबाई, तुम्ही धुवा. माझा हात नको."

"तुमचाच हात पायजे," हौसाबाई म्हणाल्या. "कालपास्नं त्याला त्याच हाताची सवय हाय. दुसरा हात लागला तर भ्यायचं ते."

त्यांनी घेतला. पाणी सोडत राहिले, बोटानं पिसं हलकेच उलटी करत राहिले. मी पाणी बदलत होते, हौसाबाई ओतत होत्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आणि मग मानेच्या खाली, पाठीवर, एक मणी उभा राहिला. थरथरला आणि घरंगळून गेला. मग शेजारी दुसरा. मग पंखावर ओळच्या ओळ. इतकी वर्षं ज्या मण्यांवर तो माणूस डोळे वटारत आला होता, तेच बघताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात अडकलेले. मी लॅबमधला टिशू काढून त्यांचे डोळे पुसले. आमच्या इतक्या वर्षांच्या भांडणात हा प्रसंग कुठं बसत नव्हता, पण तेव्हा काही वाटलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. टिलव्याला तपासून म्हणाल्या, वाचेल. पण विस्कटलेली पिसं चोचीनं एकेक करून जागेवर लावायला त्याला वेळ लागेल, आणि अंगावरची चरबी या दोन दिवसांत उतरलीय. चिखलाच्या कडेला जाळीचं कुंपण करून आम्ही त्याला ठेवलं. तो दिवसभर पिसं लावायचा. सलीमभाई जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथं येऊन बसायचे. डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर जाळी काढली, आणि टिलवा थव्यात जाऊन मिसळला. पण फरक दिसत होता. बाकीचे गोल आणि तांबूस, हा वाळका, कळा गेलेला.

थवा निघाला त्या संध्याकाळी आम्ही तिघंही तिथं होतो. शिफ्ट सुटली होती, बस भरायला लागली होती. थवा उठला. आमचाही उठला. त्यांनी वर फेरी मारली, तो मागे पडला, अजून थोडं गेला, आणि मग एकटाच वळून खाली आला. चिखलात उतरला आणि तसाच उभा राहिला. त्याचे लोक कांद्याच्या मार्केटवरून पुढे, नजरेआड झाले.

"माझ्यामुळं राहिला," सलीमभाई म्हणाले.

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, यात काही आक्रीत नाही, अशक्त आणि लहान पक्षी कधी कधी मागे राहतात, पुढच्या वर्षी जातात. फक्त त्याला सगळा उन्हाळा आणि पावसाळा ओला चिखल मिळायला हवा. सलीमभाईंना यातलं फक्त 'मागे राहतात' एवढंच ऐकू आलं. ते तसेच होते. पण चिखल ही गोष्ट माझ्या हातातली होती. मे महिन्यात तळं आटायला लागलं, की मी त्या बाजूला पाणी सोडायचे. जूनमध्ये पाऊस लागला आणि पाणी चढून चिखल बुडायला लागला, तर बागेला पाणी नको असताना मी ते फ्लशच्या टाक्यांकडे वळवायचे. आमच्या नव्या प्लँट हेडच्या हे लक्षात आलं. "मॅडम, पाण्याची पातळी पक्ष्याच्या पायाच्या मापानं ठेवायची, ही कुठली एसओपी?" मी म्हटलं, "तोंडी आहे, सर." ते हसले आणि म्हणाले, ऑडिटरला मात्र सांगू नका.

पोरं सलीमभाईंना 'टिलवेवाले' म्हणायला लागली होती. जुलैमध्ये ते निवृत्त झाले. हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, भाषणं. हार घातलेलेच ते तळ्यावर आले. टिलवा पावसात पाठ करून उभा होता. एवढ्या मोठ्या तळ्याच्या कडेला एकटा तेवढासा जीव. सलीमभाई मला म्हणाले, "मॅडम, गेटच्या आत आता मला कोण सोडणार? तुम्ही सांगत जा."

मग रोज दुपारी फोन यायचा. नमस्कार नाही, कसे आहात नाही. "आहे का?" मी म्हणायचे, "आहे." फोन बंद. ऑगस्टमध्ये पावसाची एक मोठी झड लागली तेव्हा तो दिसेना. "आहे का?" ला मी म्हटलं, "पाऊस फार आहे, दिसत नाही." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणावं लागलं. माझी मुलगी लग्न होऊन गेली तेव्हासुद्धा मला घास इतका कडू लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी हौसाबाई लॅबच्या दारात उभ्या राहिल्या, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं. "चला, बागंत हाय. हिरवळीवर पानी साचलंय न्हव का, तितं चरतंय. लई शानं हाय." तेव्हा मीच सलीमभाईंना फोन केला. ते गॅरेजमध्ये होते, पुतण्याच्या. मागचा हातोड्याचा आवाज थांबवून त्यांनी ते दोनदा ऐकलं.

पाऊस ओसरला आणि पाहुणे आले. अंगावरचा तांबूस रंग विटलेला, दमलेले. मी उत्साहानं कळवलं. सलीमभाईंनी विचारलं, "आणि आपला काय करतोय?" मला खोटं बोलता आलं नाही. तो लांब उभा होता. त्यांच्या जवळ गेला, की एखादा टिलवा चोच पुढे काढून त्याला हाकलायचा. ते तांबूस आणि हा एव्हाना राखाडी झालेला, लांबूनही वेगळा दिसायचा.

"त्यानं यंदा तिकडचं काही पाहिलंच नाही ना," सलीमभाई म्हणाले. "त्यांच्यात बसून बोलणार तरी काय?"

त्यानंतर मुलीच्या बाळंतपणासाठी मी रजा काढली. नातीच्या गडबडीत तळं लांब गेलं, फोनही कमी झाले. परत कामावर गेले तेव्हा ऑक्टोबर लागला होता. थंडीसाठी टिलव्यांनी कात टाकावी तशी पिसं बदलली होती. नवी पिल्लंही येऊन मिळाली होती. चिखलभर राखाडी पाठी, सगळ्या एकसारख्या, सगळ्यांच्या चोची खालीवर. मी कडेकडेनं चालत बघून आले. एकटा, लांब उभा असा कुणीही नव्हता. हौसाबाईंना विचारलं, आपला कुठला? त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "ह्यातलाच येक. आता मलाबी न्हाई वळखू येत."

मी सलीमभाईंना व्हिडिओ कॉल लावला. गॅरेजच्या अंधारातून त्यांचा चेहरा पुढे आला, कानाला काळं ग्रीस लागलेलं. मी फोन तळ्याकडे फिरवला आणि सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. त्यांनी पुन्हा फिरवायला सांगितलं. पुन्हा फिरवला.

"यातला आपला कुठला, मॅडम?"

"ओळखू येत नाही हो, सलीमभाई. मलाही नाही, हौसाबाईंनाही नाही."

फोनवर बराच वेळ नुसतं तळं होतं आणि कोपऱ्यात छोट्या चौकोनात सलीमभाई, स्क्रीनच्या अगदी जवळ डोळे आणून बघत असलेले. मग ते मागे झाले, टेकून बसले.

"मग पोचला म्हणायचा," ते म्हणाले.